गावाची पत

नाशिकहून आग्रा रस्त्याने निघाले की पिंपळगाव, चांदवड मागे टाकत मालेगाव येते. नाशिकच्या पेठेतील एका जुन्या कापड व्यापाऱ्यास हा रस्ता तोंडपाठ होता. वाटेत चांदवडच्या डोंगरातील जैन लेण्यांत दर्शन घ्यायचे, मालेगावी एका यंत्रमाग कारखानदाराकडे लुगड्यांचा माल पाहायचा, बयाणा द्यायचा आणि दिवेलागणीला घरी परतायचे, हा शेठजींचा वीस वर्षांचा परिपाठ होता. ८ सप्टेंबर २००६ नंतर तो थांबला.

तो शुक्रवार होता आणि शब-ए-बारातचा दिवस. दुपारच्या नमाजानंतर बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक येथे स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत लहान मुलेही होती. दोन वर्षांनी, २९ सप्टेंबर २००८ रोजी, भिक्कू चौकातील स्फोटाने आणखी सहा जणांचा बळी घेतला. पहिल्या प्रकरणात प्रारंभी पकडलेले नऊ जण २०१६ साली आरोपमुक्त झाले, तोवर त्यांतील एक जण हयातही नव्हता. दुसऱ्या प्रकरणातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. न्यायालयांचे काम इतकी वर्षे चालले. पेठेने मात्र आपला निकाल आठवडाभरातच दिला होता. मेली ती मालेगावची माणसे, आणि संशयाने पाहिले गेले तेही मालेगावकडेच. शेठजींनी कोणाशी वाद घातला नाही, कोणाला वावगे बोलले नाहीत. त्यांनी फक्त खरेदी इचलकरंजीकडे वळवली.

या गोष्टीला जवळजवळ दोन दशके झाली. आता त्यांचा नातू उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघाला आहे. घरात एकीकडे खाकरे आणि लोणच्यांचे डबे भरले जात आहेत आणि दुसरीकडे काळजीही. एका संध्याकाळी जेवण आटोपल्यावर शेठजी म्हणाले, ‘‘तिकडे काही घडले, तर लोक तुझ्याकडे कोणत्या नजरेने पाहतील?’’ नातवाने उत्तर दिले नाही. त्याने दोन माहितीपट लावले.

पहिला होता ‘डिव्हायडेड वी फॉल’. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोनातील मेसा गावी बलबीरसिंग सोधी या पेट्रोलपंपचालकाची गोळ्या झाडून हत्या झाली. डोक्यावरील पगडी आणि दाढी एवढाच त्यांचा अपराध. त्या वेळी ते पंपाबाहेर फुलझाडे लावण्याच्या कामात होते. ही वार्ता ऐकून व्हॅलरी कौर नावाची एक शीख विद्यार्थिनी कॅमेरा घेऊन अमेरिकाभर फिरली आणि भयाच्या त्या दिवसांत सामान्य माणसांवर काय गुदरले, ते तिने टिपले. पंजाबात ती सोधींच्या पत्नीस भेटली. अमेरिकेच्या लोकांना काय सांगू, असे तिने विचारले. त्या विधवेने आभार कळवायला सांगितले. कारण पतीच्या शोकसभेला हजारो अनोळखी अमेरिकन माणसे आली होती. शेठजी बराच वेळ स्तब्ध होते. दुकानापुढे फुलझाडे लावणारा तो माणूस त्यांना आपल्याच बाजारातला वाटला.

दुसरा माहितीपट फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. पहिल्या स्फोटांनंतर दोन वर्षांतच तो तयार झाला, पण त्यात स्फोटांची भीती नाही. आहे ती सिनेमाची वेडी हौस. शेख नासिर नावाचा गृहस्थ ‘मालेगावचा सुपरमॅन’ काढतो आहे. नायक आहे शफीक, यंत्रमागावर राबणारा एक काटकुळा कामगार. हिरवे कापड पाठीमागे ताणून त्याला आकाशात उडवले जाते. कॅमेरा फिरवायला सायकल पुरते. मुंबईने कधीतरी बोलवावे म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहणारा एक लेखकही त्यात आहे. या सुपरमॅनची झुंज तंबाखू आणि घाणीशी आहे. पुढे २०११ मध्ये शफीक कर्करोगाने गेला. नातवाने हे सांगितले तेव्हा शेठजींनी चष्मा काढून पुसला.

यंत्रमागांचा तो खडखडाट त्यांच्या कानांना ओळखीचा होता. पडद्यावरील गल्ल्यांतूनच ते वीस वर्षे हिंडले होते, परंतु त्यांनी पाहिला होता केवळ माल. मागावर उभ्या असलेल्या पोराला उडण्याची स्वप्ने पडत असतील, हे त्यांच्या कधी ध्यानातही आले नव्हते. स्फोटांनंतर तर मालही दृष्टीआड झाला आणि उरले केवळ गावाचे नाव. नातवाकडे परक्या देशाने ज्या नजरेने पाहू नये असे त्यांना वाटत होते, तीच नजर त्यांनी स्वतः शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या गावावर रोखली होती.

त्या रात्री त्यांनी माळ्यावरून २००६ ची खातेवही उतरवून घेतली. मालेगावच्या कारखानदाराचे पान सहज सापडले. बयाणा दिल्याची नोंद ऑगस्टची. मालाची नोंद स्फोटांनंतर अकराव्या दिवसाची. गाव अद्याप सावरले नव्हते, तरी लुगडी मोजून, बांधून वेळेवर आली होती. सोबत तगादा नव्हता, तक्रार नव्हती. बाकी रक्कम शेठजींनी लगोलग धाडली आणि पानाखाली रेघ मारली. देणे-घेणे चोख. त्या रेघेखाली पुन्हा काही लिहिले गेले नव्हते.

व्यापाऱ्याच्या घरात पत म्हणजे काय, हे कोणाला शिकवावे लागत नाही. हिशेब चुकता झाला म्हणजे खाते बंद होते, हेही सगळे जाणतात. पण पत राखली होती समोरच्याने, संकटाच्या ऐन दिवसांत. आणि ती नाकारली होती शेठजींनी, स्वतःवर कसलेच संकट नसताना. ही बाकी वहीत कुठल्या बाजूला मांडावी, हे त्यांना उमगेना.

सकाळी नातू म्हणाला, ‘‘दादाजी, निघण्याआधी शुक्रवारी मी मोकळा आहे. गाडी काढू का?’’

शेठजी म्हणाले, ‘‘शुक्रवारी तिथे माग बंद असतात. शनिवारी जाऊ.’’