रोजच्या घाटासाठी ब्रेक निवडताना

मी वाईत राहते आणि पाचगणीच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. मध्ये पसरणी घाट. सकाळी चढायचा, दुपारी उतरायचा. अंतर बारा-तेरा किलोमीटरचंच, पण पाचगणी आणि कृष्णाकाठची वाई यांच्या उंचीत साडेपाचशे मीटरहून अधिक फरक आहे. गाडीचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलायची वेळ आली, तेव्हा मी बहुतेक निर्णय या एका आकड्यावरून घेतले.

गणित अकरावीच्या मुलांना जमेल असं आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे 247 जूल गतिज ऊर्जा असते. साडेपाचशे मीटर उंचीवर उभ्या असलेल्या गाडीच्या प्रत्येक किलोमागे 5,400 जूलच्या आसपास स्थितिज ऊर्जा असते. म्हणजे घाट उतरताना जेवढी ऊर्जा जिरवायची असते, तेवढ्यात 80 च्या वेगावरून गाडी जवळजवळ बावीस वेळा पूर्ण थांबवता येईल. त्यातला काही वाटा हवा आणि टायर घेतात. खालच्या गिअरमध्ये असाल तर मोठा वाटा इंजिन उचलतं. उरलेलं सगळं उष्णता होऊन पुढच्या डिस्कमध्ये आणि मागच्या ड्रममध्ये उतरतं. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, त्यामुळे या कामाचा बराच मोठा भाग पुढच्या चाकांवर पडतो. शनिवार-रविवारी घाटाच्या पायथ्याशी पर्यटकांच्या गाड्यांजवळ करपल्यासारखा वास येतो, तो याच उष्णतेचा.

माझ्या गाडीने पावसाळ्याच्या तोंडावर दोन खुणा दाखवल्या. हलका ब्रेक लावला की पुढून बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायचा, आणि घाटाच्या शेवटच्या वळणांवर ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरायचं. आवाजाचं कारण सरळ होतं. बऱ्याच पॅडांना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजत ठराविक जाडीवर आला की ती डिस्कला घासून आवाज करते, म्हणजे चालकाला वेळेवर कळावं. थरथरीचं कारण मात्र चाक काढल्याशिवाय कळणार नव्हतं.

आमचे मिस्त्री वयाने मोठे आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. चाक काढून टॉर्च मारल्याबरोबर ते म्हणाले, "ताई, पॅड संपलं. डिस्कबी बघाय लागंल." पॅड बाहेर काढले. डाव्या चाकाच्या बाहेरच्या पॅडवर पाच मिलिमीटर मसाला शिल्लक होता, आतल्यावर जेमतेम अडीच. एकाच चाकाच्या दोन पॅडांत एवढा फरक पडला की समजावं, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या आखडल्या आहेत. पिस्टनच्या बाजूचा पॅड दाबला जातो, समोरचा पुरेसा ओढला जात नाही. नुसते नवे पॅड घालून गाडी परत दिली असती, तर तेही असेच वाकडे झिजले असते. मामांनी पिना काढून दाखवल्या. एकीवरचं ग्रीस वाळून गंजाशी एकजीव झालं होतं.

डिस्कच्या बाहेरच्या कडेला लिप आली होती. पॅड जिथे घासत नाही तिथे मूळ जाडी राहते आणि कडेला उंचवटा तयार होतो. यामुळे मोजताना गफलत होते. व्हर्नियर कॅलिपर लावला, तर त्याचे जबडे या उंचवट्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज आणला होता. त्याची टोकं लिपच्या आत, झिजलेल्या पृष्ठभागावर नेमकी टेकतात आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता येतो. माझ्या गाडीच्या डिस्कवर किमान जाडी 15 मिलिमीटर कोरलेली आहे. बऱ्याच डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर ती सापडते. तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ करायला हवा, एवढंच. डिस्क फिरवत फिरवत ठिकठिकाणी मोजलं. कुठे 15.30, कुठे 15.33, एका जागी 15.36.

या आकड्यांनी दोन्ही प्रश्न सोडवले. पहिला थरथरीचा. लोक म्हणतात डिस्क वाकली, पण पुष्कळदा ती वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की त्याचा मसाला तिथे डिस्कवर बसतो, नंतर तो भाग वेगळा झिजतो. दोन-चार शतांश मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण पायाला पेडलमधून जाणवतो. दुसरा प्रश्न डिस्क टर्न करायची की नवी घ्यायची, हा. मामा सहसा लेथवर डिस्क टर्न करून आणतात आणि जाडी भरपूर असेल तर ते योग्यही आहे. इथे पृष्ठभाग सपाट करताना दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खरवडलं असतं, तर डिस्क 15 च्या काठावर किंवा खाली गेली असती. जाडी म्हणजे लोखंड, आणि लोखंड म्हणजे उष्णता साठवायची जागा. पातळ डिस्क तेवढ्याच उष्णतेने जास्त तापते. सपाट रस्त्यावर काही महिने निभावलंही असतं. पसरणीच्या उतारासाठी मी नव्या डिस्क घ्यायचं ठरवलं, आणि दोन्ही बाजूंना. एका चाकाला नवी आणि दुसऱ्याला झिजलेली डिस्क असली तर ब्रेक सारखा लागत नाही, गाडी एका बाजूला ओढते.

सामान घ्यायला पुण्याला नाना पेठेत गेले. तिथे स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत, त्यामुळे एकाच गाडीसाठी किती तऱ्हेचे पॅड मिळतात ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं. कंपनीच्या खोक्यातले पॅड, गाडी कंपन्यांना ब्रेकचं सामान पुरवणाऱ्या उत्पादकांचे त्यांच्या स्वतःच्या नावाने विकले जाणारे पॅड, सिरॅमिक म्हणून मिळणारे महाग पॅड, रेसिंगचे म्हणून दाखवले जाणारे, आणि नावगाव नसलेला स्वस्त माल.

पॅडचा मसाला म्हणजे तंतू, धातूची भुकटी, घर्षण वाढवणारे आणि कमी करणारे पदार्थ हे सगळं रेझिनमध्ये बांधून दाबून भाजलेलं असतं. सेंद्रिय प्रकारचे पॅड शांत असतात, डिस्कला फार घासत नाहीत, पण जास्त तापले की लवकर थकतात. रेझिनचं विघटन सुरू झालं की पकड कमी होते. पाय तेवढाच दाबलेला असतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. याला ब्रेक फेड म्हणतात. सेमी-मेटॅलिक पॅडांत लोखंडाचं प्रमाण बरंच असतं. ते उष्णता चांगली पेलतात, पण आवाज करतात, काळी धूळ जास्त सोडतात आणि डिस्क लवकर झिजवतात. सिरॅमिक पॅडांची धूळ कमी आणि आवाजही कमी. रोजच्या गाडीला ते छान चालतात, मात्र नावात सिरॅमिक आहे म्हणून डोंगर उतरायला ते आपोआप सरस ठरत नाहीत. रेसिंगचे पॅड खूप तापल्यावर चांगले धरतात, पण सकाळी थंडीत, शाळेसमोर मूल आडवं आलं तर पहिल्याच दाबाला ते हवे तसे धरत नाहीत. रोजच्या गाडीला थंड असतानाही आणि तापल्यावरही सारखा धरणारा पॅड लागतो.

हे ओळखायला एक खूण आहे. बऱ्याच पॅडांच्या कडेवर लांबलचक नंबराच्या शेवटी दोन रोमन अक्षरं छापलेली असतात. पहिलं नेहमीच्या तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एफई लिहिलेला पॅड तापल्यावर पकड सोडतो, एफएफ टिकवतो. ही चाचणी मसाल्याच्या छोट्या तुकड्यावर होते, त्यामुळे अख्ख्या गाडीचं माप त्यातून निघत नाही. तरी घाटात गाडी चालवणाऱ्याने दुसरं अक्षर जरूर वाचावं. मी गाडी कंपन्यांना माल पुरवणाऱ्या एका नामांकित उत्पादकाचा, ॲस्बेस्टॉस नसलेला, एफएफ लिहिलेला संच निवडला. स्वस्त खोक्यावर ना ती अक्षरं होती, ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचा पत्ता. किमतीतला फरक एका आठवड्याच्या पेट्रोलएवढा होता. तो वाचवायला हरकत नव्हती, पण त्या खोक्यात काय आहे ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

ब्रेकचं अस्तर जन्मालाच आलं ते डोंगराळ मुलखाच्या गरजेतून. इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये उतारावरून जाणारे घोडागाडीवाले लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचं चामडं ठोकायचे. ते पाहून हर्बर्ट फ्रूड याने 1897 मध्ये ब्रेकसाठी खास अस्तर बनवायला सुरुवात केली आणि त्यातून फेरोडो ही कंपनी उभी राहिली. डिस्क ब्रेकचं श्रेष्ठत्व जगाला पटलं ते 1953 च्या ले मांसच्या शर्यतीत, जॅग्वारच्या विजयाने. चोवीस तासांच्या त्या शर्यतीत पुन्हा पुन्हा तापूनही ब्रेक टिकले, याला मोल होतं. उघड्या हवेत फिरणारी डिस्क बंदिस्त ड्रमपेक्षा लवकर थंड होते.

डिस्कमध्ये निवड सोपी निघाली. दुकानात भोकं पाडलेल्या आणि चरे कोरलेल्या डिस्कही होत्या, दिसायला देखण्या. पूर्वीच्या पॅडांतून तापल्यावर वायू सुटायचा, त्याला वाट द्यायला भोकं उपयोगी पडायची. आजच्या पॅडांना रस्त्यावर त्यांची तशी गरज उरलेली नाही. उलट भोकांनी लोखंड कमी होतं आणि वारंवार तापून थंड होताना भोकाच्या कडेपासून तडे जाऊ शकतात. मी साध्या, बिनभोकाच्या, पण आतून हवा खेळणाऱ्या व्हेंटिलेटेड डिस्क घेतल्या. गाडीबरोबर आल्या होत्या तशाच. पॅड आणि दोन डिस्क मिळून खर्च दोन टायरांपेक्षा थोडा कमी झाला.

"गाडीला एबीएस आहे ना, मग एवढं कशाला?" असं एका सहकाऱ्याने विचारलं. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे सगळ्या नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे आणि ते हवंच. पण ते चाक लॉक होऊ न देण्याचं काम करतं. थकलेल्या पॅडला पकड ते देऊ शकत नाही.

चांगलं सामान वाईट बसवलं तर वाया जातं, म्हणून बसवताना मी तिथेच थांबले. मामांनी हबवरचा गंज घासून काढला, कारण हब आणि डिस्कमध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तरी डिस्क डगमगते. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसलं. पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच, उष्णता सोसणारं ग्रीस लावलं. पॅडच्या मसाल्याला तेलकट बोट लागू दिलं नाही. चाकाचे नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, सारख्या जोराने आवळले. शेवटी ब्रेक ऑइल बदललं. ते हवेतली आर्द्रता शोषतं आणि वाईत पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो. डॉट 3 ताजं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही हद्द 140 वर येऊ शकते. डॉट 4 ची हद्द 230 आणि 155. घाटात ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. गाडीच्या पुस्तिकेत डॉट 4 चालेल असं लिहिलेलं होतं, म्हणून तेच भरून घेतलं.

"आज लगेच घाटात जाऊ नका, पॅड सेट हुंद्या," मामांनी बजावलं. त्यामागे पक्कं शास्त्र आहे. पॅडच्या मसाल्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसला की दोघांची पकड जुळते. वाईहून सुरूर फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने गाडी सावकाश केली, पूर्ण थांबवली नाही, थोडी चालवून थंड होऊ दिली आणि पुन्हा तेच केलं. पूर्ण थांबून पॅड दाबून ठेवला तर तापलेला मसाला एका जागी चिकटतो आणि तीच जुनी थरथर नव्या डिस्कवर सुरू होते.

आता घाट उतरताना पेडल शांत असतं. मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरते. ब्रेक वळणाआधी ठाम लावते आणि सोडते, उतारभर हलका दाबून ठेवत नाही. उत्तम पॅडसुद्धा इंजिनचं काम करण्यासाठी बनवलेला नसतो.

शाळेत कुणी ब्रेकविषयी विचारलं की मी आधी विचारते, तुझा रोजचा रस्ता कोणता? पुण्यात सपाट रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे पॅड ज्या किलोमीटरला बदलतात, तो आकडा पाचगणीच्या गाडीला लागू पडत नाही. मेकॅनिककडे जाडी मागा, चारही पॅडांची आणि डिस्कची, मिलिमीटरमध्ये. दुकानदार गाडीचं मॉडेल आणि साल विचारेल. त्याला घाटही सांगा. तुमच्या उतारावर रस्त्याच्या कडेने शाळेची मुलं चालत असतात, समोरून स्ट्रॉबेरीचे टेम्पो चढत असतात. तुमचे ब्रेक किती चांगले असावेत याच्याशी त्यांचाही संबंध आहे.