ओली घडी

ओले कापड घडी करून ठेवू नये, हा माझ्या आईच्या संसारशास्त्रातला पहिला नियम. बेळगावच्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नसे. तेव्हा माजघरात दोऱ्या बांधून, खाली शेगडी ठेवून ती कपडे वाळवी, आणि किंचित दमट राहिलेला पंचाही पेटीत जाऊ देत नसे. आम्हां मुलांना तो तिचा हट्ट वाटे. पुढे मी कायदा शिकलो, काही वर्षे बेळगावात आणि मग न्यू जर्सीत वकिली केली. पण आईच्या नियमामागचे न्यायतत्त्व मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका ट्रेलरने शिकवले.

हा ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचे घर. 'हायब्रिड' म्हटले की हल्ली विजेवरही चालणारी मोटार डोळ्यांपुढे येते. आमच्या गाडीचा संकर निराळा आहे. मधला भाग पक्क्या भिंतींचा. त्यात चूल, मोरी, फ्रीज, बसायला जागा. पुढच्या आणि मागच्या भिंतींना मात्र बिजागऱ्या आहेत. मुक्कामी पोचल्यावर त्या आडव्या पाडल्या की त्यांचेच पलंग होतात आणि त्यांवर कॅनव्हासचा तंबू उभा राहतो. अर्धे घर, अर्धी राहुटी! सबंध घर ओढण्याची ताकद आमच्या मोटारीत नव्हती, आणि जमिनीवर निजण्याची तयारी सौभाग्यवतींची नव्हती. तेव्हा हा तडजोडनामा उभयपक्षी मान्य झाला.

पण अशा मालकीत दोन्हीकडची कलमे पाळावी लागतात. घर म्हणून छताच्या सांध्यांवरचे लुकण वर्षातून दोनदा तपासायचे; बारीकशा भेगेतून शिरलेले पाणी भिंतीतले लाकूड कुजवते. गाडी म्हणून चाकांच्या बेअरिंगांना वंगण द्यायचे, आणि सामान असे रचायचे की एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडाच्या टोकावर पडेल. कमी पडला तर हमरस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागतो. हिवाळ्यापूर्वी नळांतले पाणी काढून त्यांत न गोठणारा गुलाबी द्रव भरायचा, नाही तर नळ फुटतात. यलोस्टोन उद्यानात फिशिंग ब्रिजच्या तळावर अस्वलांच्या भयास्तव केवळ पक्क्या भिंतींच्या गाड्यांना प्रवेश आहे. तेथे आमच्या घराची गणना राहुटीतच होते. आणि राहुटीचे कलम एकच: कॅनव्हास ओला मिटू नये, मिटावाच लागला, तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवावा.

गेल्या सप्टेंबरात आम्ही व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात, बिग मेडोज येथे तीन रात्री उतरलो होतो. डोंगरमाथ्यावरून जाणारा तिथला रस्ता १०५ मैल लांब, आणि वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल. घाईच्या माणसाने तिथे जाऊच नये. मी कामाचे कागद घेऊन गेलो होतो. चौदा वर्षांच्या चिरंजिवांना एक ओढा सापडला होता. तो मला दाखवावा म्हणून ते रोज बोलवीत, आणि मी रोज 'उद्या' म्हणे. शेवटच्या रात्री पाऊस लागला. रविवारी सकाळी तो थांबला, तरी कापड निथळत होते.

"बाबा, बारापर्यंत थांबू या ना. ऊन येईल," मुलगा म्हणाला.

सोमवारी मला कोर्टात उभे राहायचे होते. मी त्याच्यावर चारचौघांत ओरडलो. तो काही बोलला नाही. मुकाट्याने भिंती उचलू लागला. वाटेत पत्नी हळूच म्हणाली, "त्याच्याशी बोला." मी म्हटले, "घरी गेल्यावर."

घरी गेल्यावर सुनावणी लांबली. शनिवारी भिंत खाली पाडली, तेव्हा विसरलेल्या ओल्या छत्रीचा वास आला. कापडावर काळे ठिपके पसरले होते. मुलगा आठवडाभर माझ्याशी कामापुरतेच बोलत होता.

ब्लीचने कापडाचा जलरोधक लेप जातो, म्हणून सौम्य साबण आणि मऊ ब्रश घेऊन मी बसलो. थोड्या वेळाने न बोलावता तो आला आणि आतल्या बाजूने घासू लागला. कापडातून एकमेकांच्या हाताचा दाब लागत होता.

"त्या दिवशी थांबायला हवे होते," मी म्हटले.

"ओढा दहाच मिनिटांवर होता, बाबा."

बेळगावात भावाभावांच्या वाटणीचे कितीतरी तडजोडनामे मी पुढची तारीख टळावी म्हणून घाईने लिहिले. सह्या झाल्या, साक्षीदार मिळाले. पाच-सात वर्षांनी तीच घरे पुन्हा कोर्टाच्या पायरीवर. मसुद्यात चूक कुठे राहिली, हे मी शोधीत बसे. घडी बिनचूक होती. कापड ओले होते.

ठिपके पुसट झाले, गेले नाहीत. नवा लेप दिला आहे. आता सहलीनंतरच्या सोमवारी मी तारीख घेत नाही. निघायच्या सकाळी पत्नी चहा टाकते, मुलगा कॅनव्हासला हात लावून पाहतो, आणि तो "वाळलं" म्हणेपर्यंत मी मोटारीच्या किल्लीला हात लावीत नाही.