परत फिरलेली नाव

चातुर्मासात आमच्या घरी पाण्याविषयी दोनच गोष्टी निक्षून सांगितल्या जात : पाणी गाळूनच प्यावे आणि पुराच्या बाजूला फिरकू नये. पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवितात. गृहस्थानेही आपली धावपळ आवरावी, अशी आईची शिकवण होती. अशा घरात धाकट्या चिरंजीवाने कयाक आणली, तेव्हा दुकानाच्या गादीवरही आठवडाभर तीच चर्चा चालली.

कयाक म्हणजे एकट्या माणसाची अरुंद नाव. बसणाऱ्याच्या कमरेभोवतीचे आवरण नावेच्या तोंडावर घट्ट बसते आणि हाती दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे असते. नाव उलटली तर बाहेर न पडता, वल्ह्याच्या आधाराने व कमरेच्या झटक्याने सरळ व्हायचे. हे तो रायगड जिल्ह्यातील कोलाडला शिकला. तेथे कुंडलिका नदीला भिरा जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी मिळते. पाणी केव्हा येणार याचा अंदाज असतो, सोबतीला जाणकार असतात. "पप्पा, आपल्या जिल्ह्यात प्रवरा आहेच की," असे तो पुढे म्हणू लागला.

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. 1926 मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण, रंधा धबधबा आणि निळवंडे धरण मागे टाकून ती अकोले-संगमनेरकडे येते. अहिल्यानगर शहरात कोरडे ऊन असते, त्या दिवशीही घाटमाथ्यावरच्या पावसाने अकोल्यात नदी दुथडी भरून वाहू शकते. धरणातून पाणी सोडले की पात्राचे रूप पाहता पाहता पालटते.

दोन वर्षे नकार देऊन अखेर एका ऑगस्टमध्ये मी स्वतः त्याच्यासोबत निघालो. बरोबर त्याचे दोन अनुभवी मित्र होते. अकोल्याच्या पुढे आम्ही नदीकाठी उभे राहिलो. पाणी गढूळ, तांबडे; त्यात झाडाच्या फांद्या वाहत होत्या. तिघे पाऊण तास काठाने फिरले. परत येऊन तो म्हणाला, "पप्पा, आज नको."

मला ते रुचले नाही. पहाटेपासूनचा प्रवास, पेट्रोल, दुकानाचा एक दिवस यांचा हिशेब मनात सुरू होता. मी बोलून गेलो, "एवढ्या लांब आलो आहोत, थोडे तरी जाऊन ये."

त्याने मला खालच्या बाजूचा बंधारा दाखविला. वरून पाहता पाण्याची एक सरळ, निरुपद्रवी रेघ. पण बंधाऱ्यावरून कोसळलेले पाणी पायथ्याशी तळाला जाते आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडेच वळते. त्यात सापडलेले लाकूड जागच्या जागी गरगरत राहते; माणसाचेही तेच होते. पडलेल्या फांद्यांतून पाणी निसटते, माणूस मात्र अडकतो. मे 2024 मध्ये अकोले तालुक्यातील सुगाव येथे, याच प्रवरेत, बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. ते तर प्रशिक्षित जवान होते. ही आठवण त्यानेच शांतपणे करून दिली. मी निरुत्तर झालो.

नाव पुन्हा गाडीच्या टपावर बांधली. परतताना मला माझ्या वडिलांचे व्यापारी धोरण आठवले. इसार दिल्यावरही माल खोटा दिसला, तर इसारावर पाणी सोडून ते उठत असत. गेलेल्या पैशासाठी राहिलेले पैसे गुंतवू नयेत, असे ते सांगत. गादीवर मी हा नियम आयुष्यभर पाळला. नदीकाठी मात्र मुलाच्या जिवाशी तोच सौदा करू पाहत होतो.

प्रवचनांतून आपण 'यतना' हा शब्द ऐकतो. पाहून चालावे, पाहून ठेवावे. मुलाने तो पुराच्या काठावर आचरून दाखविला.

तो आजही कयाक चालवितो. आता मी त्याला 'जाऊ नकोस' असे म्हणत नाही. निघताना एवढेच विचारतो, "परत फिरायचे कुठे, ते ठरविले आहेस ना?"