चालचलणुकीचा दाखला

वाईट माणसाचे एक बरे असते. त्याची चौकशी पोलीस आपण होऊन करतात, आणि तीही फुकट. चांगल्या माणसाला मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि वर पाचशे रुपये भरावे लागतात.

हे ज्ञान मला झाले ते शेजारच्या माधुरीमुळे. ही पोरगी नर्स आहे. आफ्रिकेतल्या एका इस्पितळात वर्षभर बिनपगारी काम करायचे तिने ठरवले. आता मला सांगा, फुकट राबायला येणाऱ्याकडे कोणी काय मागावे? पण त्या संस्थेने मागितले पोलिसांचे प्रमाणपत्र! मी भडकलो. तेव्हा तीच मला म्हणाली, "काका, तिथं लहान मुलं असतात, अंथरुणाला खिळलेली माणसं असतात. सेवेच्या नावाखाली कोण येतंय, हे बघायला नको का?"

मी गप्प बसलो. हल्लीच्या मुलांचे हेच चुकते. ती बरोबर बोलतात.

तर अर्ज पासपोर्ट ऑफिसकडे गेला, तिथून कागद आपल्या पोलीस ठाण्यात आले, आणि ओळखीचे शेजारी म्हणून माझे नाव पुढे झाले. आदल्या रात्री वहिनी, म्हणजे माधुरीची आई, वाटीभर शेंगाचटणी घेऊन आल्या. सोलापुरात लाच द्यायची ही पद्धत असावी.

"भावजी, उद्या काहीतरी सांगा की."

"काय सांगू?"

"म्हणा, फार तापट आहे. म्हणा, कुणाचं ऐकत नाही. तेवढ्यानं अडलं तर अडलं." आणि पदर डोळ्यांना लावला.

मला रात्रभर झोप नाही. सकाळी फिरायला निघालो तो पाय भैय्या चौकाकडे वळले. तिथे डॉक्टर द्वारकानाथ कोटणिसांचे घर आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले हे एक. त्या काळीही चौकशी होतीच. आधी निवडलेल्या कलकत्त्याच्या एका डॉक्टरांना इंग्रज सरकारने राजकारणावरून पासपोर्टच नाकारला आणि त्यांच्या जागी दुसरे गेले. म्हणजे जखमा शिवता येतात की नाही, हा प्रश्न सरकारला पडलाच नाही. कोटणीस मात्र सुटले. सप्टेंबरात बोटीवर चढले तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. तिकडे असताना वडील गेल्याचे कळले, तरी ते परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले. मागे चिनी बायको आणि काही महिन्यांचे पोर.

आम्ही सोलापूरकर हे अभिमानाने सांगतो. पण त्या घराकडे बघताना पहिल्यांदाच मला त्यांच्या आईची आठवण झाली. दुसऱ्याच्या घरातल्या त्यागाचा अभिमान वाटणे फार सोपे असते हो!

दहा वाजता हवालदार आले. चहा झाला. वही उघडली.

"मुलगी कशी आहे, काका?"

समोरच्या खिडकीचा पडदा हलला. मी आठवू लागलो. आठव्या वर्षी चेंडूने माझी काच फोडली. दहाव्या वर्षी काच मीच फोडली असे बापाला सांगितले. करोनात मी खोकत पडलो तेव्हा सख्खे नातेवाईक फोनवरून विचारपूस करत होते, आणि ही तोंड बांधून दोन वेळा ऑक्सिजन मोजून जात होती.

"तापट आहे," मी म्हणालो. पडदा थांबला. "कुणाचं ऐकत नाही." हवालदारांची लेखणीही थांबली. "पण रात्री दोनला हाक मारा, येईल."

"गुन्हा वगैरे?"

"काही नाही."

त्यांनी तेवढेच लिहून घेतले.

पुढे प्रमाणपत्र आले. मजकूर एवढाच, की हिच्याविरुद्ध काही प्रतिकूल माहिती नाही. बाजूने काय आहे, ते लिहायला जागाच नव्हती.

त्यानंतर दोन दिवस वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणि चटणीची पिशवी घेऊन दारात उभ्या.

"भावजी, नीट बघून सांगा. वर्षभर पुरेल ना? आणि हिला नाही ना लागत पोलिसांचा दाखला?"