टाइप एकीने केलं, बोलली चौघं

भौतिकशास्त्राच्या वर्गात माझा एक हमखास ठरलेला प्रश्न आहे. ३.१ तीव्रतेच्या भूकंपापेक्षा ४.१ च्या भूकंपात ऊर्जा किती पट? तीन, दहा, बत्तीस की शंभर? इतरत्र हा पुस्तकी प्रश्न असेल. आमच्याकडे नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हादरत आली आहे, धुंदलवाडीचं नाव तेव्हाच पेपरात झळकलं, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ४.१ चा धक्का बसला तेव्हा माझे आजचे विद्यार्थी शाळेत होते.

बहुतेक जण ‘दहा’ म्हणतात. लहरींची उंची दहापट वाढते हे खरंच. ऊर्जा मात्र सुमारे बत्तीसपट. पण उत्तर मी लगेच फोडत नाही. हार्वर्डच्या एरिक मेझर यांनी १९९१ पासून रुळवलेली रीत अशी, की आधी एकट्याने मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असली तर वादाला रंग चढतो. तिकडे मत द्यायला प्रत्येकाच्या हातात यंत्र आलं. आमच्याकडे प्लिकर्सची छापील कार्डं. कार्डाची जी बाजू वर, तो पर्याय. मी फोन वर्गावरून फिरवला की मतं मोजून होतात. नेटवर्क लागतं ते माझ्या एकट्याच्या फोनला. शिवाय कोणी काय निवडलं ते शेजाऱ्याला चटकन कळत नाही. हात वर करायला सांगा, पाड्यावरची मुलगी आधी पुढच्या बाकाकडे बघणार!

आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात याच जातकुळीची जोडीचर्चेची पद्धत वापरली, तेव्हा सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली, असं २०१३ चा शोधनिबंध सांगतो. गुंतणं म्हणजे शिकणं नव्हे, हे मान्य. तरी दुपारच्या तासाला शिकवणाऱ्याला हा आकडा हेवा वाटावा असाच.

खरी गंमत वर्गाबाहेर आहे. प्रयोगाचा अहवाल चौघांनी मिळून एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहायचा आणि कोणी किती लिहिलं ते व्हर्जन हिस्ट्रीत बघून गुण द्यायचे, असं प्रशिक्षणांत सांगतात. एका गटाच्या फाइलमध्ये सगळी अक्षरं एकाच मुलीची. बाकीचे तिघे फुकटे? विचारल्यावर कळलं, डेटा फक्त तिच्या फोनला होता. चौघं ओट्यावर बसून वारलीत भांडली, तिने मराठीत उतरवून काढलं. आलेखातला एक बिंदू रेषेबाहेर का गेला, हा आक्षेप तर भलत्याचाच होता.

म्हणून आता अहवालासोबत प्रत्येकाची मिनिटभराची व्हॉइस नोट लागते: तुमचं गटाशी कुठे पटलं नाही? वारली, धोडिया, गुजराती, काहीही चालेल. मला न कळलेलं दुसऱ्या गटातलं कोणीतरी समजावतं. उंबरगावच्या कंपनीत शिफ्ट करणारा मुलगाही सुट्टीत बोलून पाठवतो. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाई मोडकांनी याच भागात कुरणशाळा काढली होती. त्यापुढे ही व्हॉइस नोट म्हणजे फारच स्वस्तातली सोय.

अडचण कागदावर येते. गटकार्याचा पुरावा म्हणून तपासणीच्या फाइलला स्क्रीनशॉट मागतात. व्हॉइस नोटच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतात त्या चार उभ्या-आडव्या रेघा आणि वेळ. मी त्याच जोडतो.