थोरलीचे बोल, धाकट्याचे मौन

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी दिवसभर नातवंडे असतात. आईवडील नोकरीवर गेलेले असल्यामुळे बाळाचा पहिला शब्द पुष्कळदा आजीआजोबांच्याच कानी पडतो, आणि तो लांबला तर पहिली काळजीही त्यांनाच लागते. म्हणून हा विषय मी आज आपल्यापाशी काढते आहे. त्यात माझी एक कबुलीही आहे.

माझी मुलगी दहाव्या महिन्यात 'काऊ' म्हणाली. दोन वर्षांची होईतो ती शेजारच्या काकूंना आमच्या घरातल्या सर्व बातम्या पुरवू लागली होती. तिच्या पाठचा मुलगा दीड वर्षाचा झाला, तरी त्याचे सगळे बोलणे 'मम्मं', 'भुर्र' आणि 'नाई' एवढ्यात आटपत असे. सासूबाई वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावीत. मी डॉक्टर म्हणून वरवर हसत असे, पण रात्री दोघांची तुलना माझ्याही मनात चालू असे.

तो बोलत नव्हता, पण त्याला कळत मात्र सगळे होते. "बाबांची चप्पल आण" म्हटले की तो चप्पल आणी. दारावरची घंटा वाजली की तिकडे धावे. विमान दिसले की बोटाने दाखवी आणि मी पाहिले की नाही, हे माझ्याकडे वळून पाही. त्याने तोंड उघडण्याआधीच ताई सांगे, "त्याला पाणी हवंय." दोन वर्षे पुरी होण्याच्या सुमारास ताईने त्याच्या हातातला लाडू ओढला आणि तो ओरडला, "ताई, नको!" ते त्याचे पहिले वाक्य. त्यानंतर त्याला बोलते करण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

एकाच आईची दोन मुले अशी वेगळी का निघतात? थोरल्याला घरातल्या मोठ्या माणसांचे निवांत बोलणे एकट्याला मिळते; धाकट्याला ते वाटून घ्यावे लागते. काहींचा स्वभावच आधी ऐकण्याचा आणि मग बोलण्याचा असतो. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे मागे असतात. उलट, 'मी-तू', 'माझं-तुझं' हे शब्द धाकट्यांना पुष्कळदा लवकर साधतात, कारण थोरल्यांची भांडणे ते रोज ऐकतात. घरात दोन भाषा बोलल्या जातात म्हणून मूल मागे पडते, हा समज मात्र खरा नाही.

माझ्या घरच्या याच अनुभवाने मला पुढे एकदा फसवले.

एक आजी चौदा महिन्यांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, याची ताई या वयात चार शब्द बोलत होती. हा हाक मारली तरी वळत नाही." मी त्याची छाती तपासली, वजन पाहिले आणि म्हटले, "आजी, धाकटे असेच असतात. माझाच मुलगा पाहा." त्या समाधानाने गेल्या. मी त्यांचे शेवटचे वाक्य ऐकलेच नव्हते.

सात महिन्यांनी त्या परत आल्या. "कुकरची शिट्टी वाजली की ताई कानांवर हात ठेवते. हा मानसुद्धा वर करत नाही. तान्हा असताना हुंकार द्यायचा, आता तेही कमी झालेत." या वेळी मी तातडीने त्यांना पुण्याला पाठवले. तिथे त्याची 'बेरा' चाचणी झाली. तीत मूल झोपलेले असताना डोक्याला छोट्या चकत्या लावून आवाजाला मेंदूचा मिळणारा प्रतिसाद नोंदवतात. त्यात काही दुखत नाही. दोन्ही कानांना तीव्र बहिरेपणा निघाला. जन्मतः बहिरे असलेले मूलही पहिले काही महिने हुंकार देते, हे मी शिकले होते. पण त्या दिवशी ते मला आठवले नव्हते.

त्याला श्रवणयंत्रे मिळाली, वाचोपचार सुरू झाले. आज तो शाळेत जातो, बोलतोही. पण प्रत्येक शब्द त्याला कष्टाने मिळवावा लागला. भाषा शिकण्याच्या ऐन काळातले सात महिने माझ्या एका वाक्याने वाया गेले. बहिरेपणा तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित व्हावा आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, अशी वैद्यकशास्त्राची अपेक्षा आहे.

म्हणून आपल्याला सांगणे हे की, 'थोरली कधी बोलली?' या प्रश्नाने ना घाबरावे, ना निश्चिंत व्हावे. त्या मुलाकडेच पाहावे. पाठीमागून हळू हाक मारली तर ते वळते का? हातवारे न करता सांगितलेले त्याला समजते का? बोट दाखवून, डोळ्यांत पाहून ते आपल्याला काही सांगते का? आणि महिन्यागणिक त्यात भर पडते का? बारा महिन्यांपर्यंत 'बाबाबा' सारखी बडबड किंवा खाणाखुणा नसणे, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडता न येणे, किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे जाणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवणचाचणी करून घ्यावी. थाळी वाजवून केलेल्या परीक्षेवर विसंबू नये. मूल हात हललेला पाहूनही वळते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बहिरेपणा आणि भाषेतील विलंब यांची तपासणी समाविष्ट आहे. अंगणवाडीत त्याची चौकशी करता येईल. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून हेच काम करते आहे.

वेखंडाने वाचा फुटत नाही. ते मधातून चाटवत असाल तर वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. जिभेखालच्या पडद्यामुळे उच्चार क्वचित अडतील, पण मूल बोलतच नाही याचे कारण सहसा ते नसते. त्यापेक्षा टीव्ही आणि मोबाइल बंद करून बाळाला समोर बसवावे, चिऊकाऊची गोष्ट सांगावी आणि त्याच्या उत्तरासाठी थोडे थांबावे. ताई मध्येच बोलली तर तिला प्रेमाने म्हणावे, "त्याला सांगू दे हं."

त्या आजींनी मला कधी दोष दिला नाही. पण त्यांना दिसले ते मला दिसले नव्हते, कारण त्या दिवसभर त्याच्याजवळ होत्या आणि मी पाच मिनिटे. आपल्यालाही असे काही दिसले आणि समोरच्या डॉक्टरांनी माझ्यासारखेच उत्तर दिले, तर उठण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे, "एकदा कान तपासून घेऊ या का?"