तारीख, मिती आणि फसली सन

संगणकाच्या पोटात काळ हा एकच अखंड आकडा असतो. 1 जानेवारी 1970 रोजी जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र झाली, त्या क्षणापासून किती सेकंद लोटले एवढेच त्यास ठाऊक. त्या क्षणी आपल्या छत्रपती संभाजीनगरात पहाटेचे साडेपाच वाजले होते, ही गोष्ट त्यास निराळी सांगावी लागते. त्या निर्विकार आकड्यास ज्या त्या मुलुखाच्या रिवाजाप्रमाणे तारीख, वार व वेळ यांचे रूप देणे हा माझा व्यवसाय असून, प्रोग्रामर मंडळींत हे काम किरकोळ, शेवटच्या दिवशी उरकण्याजोगे समजले जाते, याचा मला मनापासून खेद वाटतो.

ज्या जिल्ह्यात शालिवाहनाचे पैठण आहे तेथील रहिवाशास तरी ते किरकोळ वाटू नये. येथील जुन्या दप्तरांत शकाची मिती, हिजरी तारीख आणि इसवी सन यांच्या जोडीला महसुली कागदांवर फसली सन आढळतो. निजामाच्या राज्यात अखेरच्या काळात हा सन आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या प्रारंभी, सुरू होई. मुंबई इलाख्यात तोच जूनमध्ये, मृगाच्या सुमारास पालटे. सबब जुलै 1947 मधील एखादा व्यवहार कन्नडच्या घाटाखाली, चाळीसगावाकडे, इलाख्याच्या हिशेबाने 1357 फसलीत पडतो, आणि घाट चढून कन्नडास आले की 1356 फसलीत! संस्थानी सनाचा इसवी सन काढताना आझूरपासून डिसेंबरअखेरपर्यंत 590 आणि तेथून पुढे 591 मिळवावे लागतात. नुसते 590 मिळवून मोकळा होणारा प्रोग्राम वर्षातील सुमारे नऊ महिने खोटी साक्ष देतो. 2023 साली कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामी मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू व मोडी कागद धुंडाळले गेले, तेव्हा अशा नोंदींवर कोणाचा केवढा हक्क अवलंबून असू शकतो, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आजच्या तारखाही काही कमी अवघड नाहीत. 4/3/2024 हा आपल्याकडे मार्चचा चौथा दिवस, तर अमेरिकेत एप्रिलचा तिसरा. युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात मराठीचे महिने, ‘जाने’, ‘फेब्रु’ अशी त्यांची संक्षिप्त रूपे, देवनागरी अंक, इतकेच नव्हे तर पहाट, सकाळ, दुपार हे दिवसाचे प्रहरही नोंदलेले आहेत. ते वापरण्याऐवजी हाताने महिन्यांची यादी लिहीत बसणे मला अक्षम्य वाटते.

परंतु सर्वांत घातक दोष जन्मतारखेचा. जन्मतारीख हा क्षण नव्हे, दिवस आहे. तिला भारतीय मध्यरात्रीचा क्षण मानून साठवले, की जागतिक वेळेत ती आदल्या दिवशीच्या सायंकाळच्या साडेसहाची होते, आणि न्यू जर्सीत बसलेल्या मुलाला आईची जन्मतारीख एक दिवस आधीची दिसते. पुढे तीच तारीख एखाद्या अर्जात उतरली, की पारपत्राशी ताळमेळ बसत नाही आणि हेलपाटे सुरू होतात.

म्हणून जुनी दप्तरे संगणकावर चढविणाऱ्या सर्वांस माझी कळकळीची विनंती आहे, की मूळ कागदावरील तारीख, तिच्या सनाच्या व मुलुखाच्या नावासह, एका रकान्यात जशीच्या तशी उतरून घ्यावी, आणि आपण केलेले इसवी रूपांतर त्याशेजारी स्वतंत्र रकान्यात ठेवावे. रूपांतर चुकले तर पुन्हा करता येते; मूळ तारीख एकदा पुसली, की तपासून पाहण्यास काहीच उरत नाही.